गाडी डावीकडे ओढते

सोमवार, ७ ऑक्टोबर

ट्रेसी म्हणाली, "मिस्टर प्रूइट, तोंडी तक्रारीला आमचे मेकॅनिक दाद देत नाहीत. तारीख घाला, गाडी काय करते ते लिहा आणि वही घेऊन या." ट्रेसी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसते, वय माझ्या जुन्या बुटांएवढं. ती मला नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवतेय! एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय? आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर शेवटची नजर माझी फिरायची. वेंडेल प्रूइटनं पास केली म्हणजे केली, मग तिच्याकडे पुन्हा कोणी वळून बघत नसे.

ठीक आहे, लिहितो. गाडी आमच्याच कारखान्यातली, सगळ्यात मोठी सेडान. गडद लाल रंग, कातडी सीटा, इंजिन चालू आहे की बंद ते कळू नये इतकी शांत. जन्मभर असल्या गाड्या दुसऱ्यांसाठी पास केल्या, निवृत्त होताना एक स्वतःला घेतली. तीही मीच पास केलेली. अर्लीन म्हणाली होती, "दोन म्हाताऱ्यांना एवढी मोठी गाडी कशाला रे?" पण पहिल्याच दिवशी गरम सीटवर बसून तिनं डोळे मिटले आणि नंतर तो विषय काढला नाही.

कंपनीची वॉरंटी १५ नोव्हेंबरला संपते. त्याआधी सही केली तर आणखी सहा वर्षांची मिळते. माझं मन होत नाही. आपण पास केलेल्या गाडीला आपणच वाढीव वॉरंटी घ्यायची म्हणजे आपल्याच नजरेवर शंका घेण्यासारखं आहे. पण अर्लीनची किडनी गेलीय. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. बावीस मैल जायचं, बावीस यायचं, आणि या रस्त्यावर बस नाही. येताना तिच्या अंगात दार उघडण्याचंही त्राण नसतं. गाडी वाटेत बंद पडली तर तिचं काय होईल ते मला माहीत आहे.

तक्रार पहिली: गाडी डावीकडे ओढते, म्हणजे थेट समोरच्या वाहतुकीच्या अंगावर. सरळ रस्त्यावरसुद्धा. आज समोरून येणाऱ्यांनी दोनदा हॉर्न मारले.

बुधवार, ९ ऑक्टोबर

तक्रार दुसरी: डावा आरसा आपला आपण मिटतो. घरी आल्यावर अर्लीननं दाखवला. वाटेत कुठं काही लागलं नाही, म्हणजे आतल्या वायरींचा दोष. वाढीव वॉरंटीत हे बसतं का ते ट्रेसीला विचारायचं आहे.

अर्लीन गाडीत फार बोलायला लागलीय. पूर्वी रेडिओ लावून विणत बसायची. आता विणकाम मांडीवर तसंच पडून असतं आणि तोंड चालू. "वेंडेल, डावीकडून ट्रक येतोय. वेंडेल, डावीकडे सिग्नल. मधली पिवळी रेघ, वेंडेल, पिवळी रेघ."

मी म्हणालो, "अगं, गाडी चालवतोय कोण?"

"दोघं," ती म्हणाली.

आजारपणात माणूस भित्रं होतं. मी तिचं बोलणं मनाला लावून घेत नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

अर्लीनला खुर्चीवर बसवून, सुया टोचून होईपर्यंत थांबून, मग गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. चार तास हातात होते. दोन मेकॅनिकनी आळीपाळीनं चालवून पाहिली. चाकं सरळ, हवा बरोबर, स्टिअरिंगमध्ये काही नाही. ट्रेसीनं मला बाजूला नेऊन कॉफी दिली.

"गाडी नाकासमोर जाते, मिस्टर प्रूइट."

"मग माझ्याच हातात आल्यावर हिला काय होतं?"

तिनं गाडीकडे बोट केलं. मग म्हणाली, पुढच्या डाव्या मडगार्डला खरवडलंय, ते कधी लागलं? मी म्हणालो, इथं आणली तेव्हा तर नव्हतं, तुमच्याच आवारात लागलं असणार. यावर तिनं वाद घालायला हवा होता, पण घातला नाही. उलट म्हणाली, "वॉरंटीच्या सहीची काही घाई नाही हं. घरी नीट बोला." विकणारी बाई घाई नाही म्हणाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

कागद घरी आणून वाचला. बारीक अक्षरात लिहिलंय की आधीपासून असलेल्या दोषाला वाढीव वॉरंटी लागू नाही. वा रे वा! म्हणजे हा दोष १५ नोव्हेंबरच्या आत मीच शोधून त्यांच्या गळी उतरवायला हवा. नाहीतर सहा वर्षं दोष आमच्याच घरात राहणार.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

गॅरेजच्या दाराची डावी चौकट उखडली. गाडी आत घेताना ओढली गेली, दुसरं काय. आरसाही गेला या वेळी. अर्लीन बाहेर आली, चौकटीकडे बघत उभी राहिली आणि आत गेली.

जेवायला खिम्याचा मीटलोफ होता. अर्लीन म्हणाली, "बटाटे आवडले नाहीत का?" बटाटे वाढलेच नव्हते तिनं. तसं म्हणालो, तर उठून माझं ताट तिनं नुसतं फिरवलं, आणि म्हणाली, "आता खा." होते बटाटे. निवले होते, पण होते. चाळीस वर्षं टेबलाला ज्या खुर्चीवर बसत होती ती सोडून आता ती माझ्या उजव्या हाताला बसते. विचारलं तर म्हणते, खिडकीतून गार वारा लागतो.

आता बाजूला उभी राहून वहीत डोकावतेय. "वेंडेल, प्रत्येक पान अर्धं कोरं का सोडतोस?" म्हटलं, कोरं कुठं आहे? कडेपासून कडेपर्यंत लिहितोय. वही मात्र फार लवकर भरत चाललीय. हल्ली वह्यासुद्धा धड बनवत नाहीत.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज पेटीतून गाडीचं कार्ड काढलं. आमच्याकडे प्रत्येक गाडीबरोबर एक कार्ड फिरायचं. ज्यानं जे बसवलं त्यानं तिथं आपली आद्याक्षरं टाकायची. दोष निघाला की मी कार्ड बघायचो आणि थेट त्या माणसापुढं जाऊन उभा राहायचो. मॅनेजरकडे कधी गेलो नाही. म्हणून लोक मला शिव्या घालायचे, पण मागून वार केला असं कोणी म्हणत नसे. माझ्या गाडीचं कार्ड मी निवृत्त होताना मागून घेतलं होतं.

पुढची डावी बाजू, चाक, स्टिअरिंगचा सांधा, मडगार्ड. सगळीकडे एकच आद्याक्षरं. कॅझ नोविकी.

कॅझ! अठ्ठावीस वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला. त्याच्या बायकोच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. दोष गाडीत नाही असं मेकॅनिक म्हणतात आणि गाडी तर ओढते. म्हणजे दोष आत, जिथं बसवणाऱ्यालाच माहीत असतो तिथं आहे. आणि मी तो तेव्हा पास केला, कारण काम कॅझचं होतं. हे लिहिताना मला लाज वाटतेय.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी युनियनच्या हॉलमध्ये आम्हा निवृत्तांची न्याहारी असते. कॅझ पॅनकेकवर पाक ओतत होता. मी कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुझं काम. गाडी डावीकडे ओढते."

टेबलावरचे सगळे हसले. कॅझही हसला. "लेका, पाच वर्षांनी आलास होय रे? मला वाटलं तू नरकातसुद्धा कार्ड घेऊनच येशील."

मी हसलो नाही. म्हणालो, "तू त्या दिवसांत पीत होतास, कॅझ. बायको गेल्यावर. मला ठाऊक होतं आणि मी डोळेझाक केली. आता त्याच गाडीतून मी अर्लीनला नेतो. ती मेली तर तुझ्या हातून मरेल."

कॅझनं कार्ड उचलून नीट वाचलं आणि पुसून माझ्या खिशात परत ठेवलं. "पीत होतो," तो म्हणाला. "घरी. कामावर कधीच नाही." मग कोट घेऊन निघून गेला. माझ्याशी कोणी बोललं नाही. खरं सांगणाऱ्याशी असंच होतं, असं म्हणून मी कॉफी संपवली. पण कॉफी गोड लागली नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सध्या शेतांतून बीट निघतोय, रस्त्याला ट्रकच ट्रक. चौकात मी पूर्ण थांबलो, दोन्हीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, निघालो. अर्लीन किंचाळली आणि तिनं स्टिअरिंग माझ्या हातातून हिसकावलं. बीटचा ट्रक कुठून उगवला देव जाणे. आमच्या नाकासमोरून घासून गेला, त्यानं ब्रेक इतका कचकचून दाबला की बीट रस्त्यावर सांडले. आमचा पुढचा भाग त्याच्या चाकाला घासला. ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या देईल असं वाटलं, पण तो अर्लीनच्या खिडकीशी गेला आणि तिला विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना, ताई?" माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

अर्लीन डायलिसिसला पोचेपर्यंत रडत होती. मी म्हणालो, अगं, ट्रकवाले बेफाम चालवतात. ती म्हणाली, "हो." आणि पुढं, "हो, वेंडेल," एवढंच.

माझं ठरलं. सही करणार. सहा वर्षांचीच घेणार. माझ्या अभिमानापायी तिचा जीव धोक्यात घालणार नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

अर्लीनला सांगितलं की पंधराच्या शुक्रवारी सही करून टाकतो. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं.

"नको करू सही," ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर करतोय."

"सहा वर्षं, वेंडेल? सहा वर्षं कोण चालवणार आहे ही गाडी?"

ती तेवढी जगणार नाही असं तिनं मनाशी धरलंय. माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिचा हात धरला, म्हणालो, डायलिसिसवर लोक वीस-वीस वर्षं काढतात, तू असलं बोलू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं तिनं. मग म्हणाली, "चहा ठेवते."

नंतर स्वयंपाकघरात ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. टुसान शहरात राहणाऱ्या आमच्या मुलाशी असेल. तो म्हणतो, असल्या वॉरंट्या म्हणजे निव्वळ टोपी घालणं. त्याला काय, त्याला बावीस मैल जायचं नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

कॅझ आला. सकाळी अकराला, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल, खिशात पांढरे सुती हातमोजे. कारखान्यात रंगावरून हात फिरवायला आम्ही घालायचो तसले.

मी दारातच म्हणालो, "माफी मागायला आलास की मला मागायला लावायला?"

"कामाला आलोय. चल, गाडी तपास. तू बोल, मी लिहितो."

अर्लीन ओसरीवर शाल गुंडाळून उभी होती. तेव्हा कळलं, फोन कोणाला केला होता तो. राग आला, पण हातमोजे बघून हात शिवशिवले. गाडी गॅरेजच्या बंद दाराला नाक लावून उभी होती. मी मागून सुरुवात केली, उजव्या अंगानं पुढं गेलो, परत मागं आलो. नजर अजून शाबूत आहे. उजव्या मागच्या दाराच्या कडेला रंगाचा ओघळ, केसाएवढा. उजव्या दिव्याखाली दगडाचा टोला, मोहरीएवढा. कॅझ लिहीत गेला.

"झालं?"

"झालं. बाकी पास."

"डावी बाजू?"

"बघितली की."

"काय दिसलं, वेंडेल?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

कॅझ लिहायचा थांबला. त्यानं पाटी गाडीवर ठेवली, माझं मनगट धरलं आणि मला वळसा घालून पलीकडे नेलं, अगदी पुढच्या चाकापर्यंत. माझा पंजा पत्र्यावर ठेवला. पंजा आत गेला. मडगार्ड परातीएवढं आत चेपलेलं, कडा फाटलेली, दिव्याच्या जागी नुसत्या वायरी. हाताला कळलं आणि मग डोळ्यांना दिसलं.

"हे कधी झालं? कोणी केलं?"

"चौकटीचं झालं, ट्रकचं झालं. आधीचं किती, देव जाणे. ड्रायव्हरचं दार याच बाजूला, तू रोज याच्या शेजारून चढतोस-उतरतोस." मग म्हणाला, "गाडीत काही नाही रे. अर्लीन महिनाभर बघतेय. तुझी डावी बाजू गेलीय."

मी नको नको ते बोललो. दारुडा म्हणालो, पुन्हा. त्यानं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "एक सांग. कारखान्यात आपल्या कामावर आपणच पासची सही करायची, असं कधी चाललं?"

"कधीच नाही. तपासणारा दुसरा लागतो."

"मग स्वतःच्या नजरेवर स्वतःच कसा सही करतोस? मंगळवारी डॉक्टरकडे चल. तोपर्यंत किल्ली माझ्याकडे. डायलिसिसला मी नेतो."

मला तो म्हणतो ते पटलेलं नाही. डावीकडे मला सगळं दिसतं. पण नियम तोच होता, आणि तो मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना लावला. किल्ली दिली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

डॉक्टर मन्सूर नावाची बाई, शांत बोलणारी. डोळे तपासले, म्हणाली, डोळे छान आहेत. मी कॅझकडे बघितलं, म्हटलं ऐक! मग तिनं एक कागद पुढं ठेवला, त्यावर इकडेतिकडे छोट्या छोट्या रेघा. म्हणाली, प्रत्येक रेघ पेन्सिलीनं खोडा, एकही सोडू नका. माझ्यासारख्याला हा पोरखेळ. खोडल्या. पुन्हा एकदा सगळा कागद तपासला.

"एकही राहिली नाही?" तिनं विचारलं.

"एकही नाही."

"मग खाली सही करा, मिस्टर प्रूइट."

मी केली. तिनं कागद फिरवून, खालची बाजू वर करून माझ्यापुढं ठेवला. त्यावर रेघाच रेघा होत्या, न खोडलेल्या, वीस-बावीस तरी. बाईनं कागद बदलला, असं मी म्हणणार होतो. पण तिनं वरच्या बाजूला बोट ठेवलं, तिथं माझी सही होती, उलटी.

डॉक्टर म्हणाल्या, मेंदूच्या उजव्या भागाला लहानसा झटका येऊन गेलाय. डोळे बघतात, पण डावी बाजू आहे हेच मेंदूच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येत नाही हेही त्याला कळत नाही. अर्लीननं सांगितलं, ऑगस्टात हा पायरीवर मटकन खाली बसला होता, ऊन लागलं म्हणाला. व्यायाम आहेत, सुधारेल थोडं, असं डॉक्टर म्हणाल्या. गाडी चालवायची नाही. पुन्हा कधी, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

घरी येऊन हिशेब केला. ऑगस्टापासून आठवड्याला तीन फेऱ्या. दर फेरीला चव्वेचाळीस मैल. माझ्या डावीकडून किती माणसं आली असतील? कोणी ब्रेक दाबले असतील, कोणी रस्त्याच्या खाली उतरलं असेल, कोणी घरी जाऊन थरथरत बसलं असेल. मला त्यातलं एकही माणूस माहीत नाही. हातून काय काय होता होता राहिलं, याचाच विचार करत बसलोय.

अर्लीनला विचारलं, "तुला कळत होतं. मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुझी नजर गेली हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? तुझ्याजवळ दुसरं होतं काय? मला वाटलं, मी बघेन डावीकडचं, तू बघ उजवीकडचं. निभेल आपलं." मग म्हणाली, "चूक माझीही आहे. त्या ट्रकवाल्याला घरी पोरंबाळं असतील, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही."

आम्ही दोघं रडलो. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, असं कधी रडलो नव्हतो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

कॅझ सातला आला. आतापर्यंत त्याच्या गाडीतून गेलो, आज मी पहिल्यांदाच माझ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी, उजवीकडे बसलो, अर्लीन मागं. कॅझ फार सावकाश चालवतो, मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, "गप बस, नाहीतर मागं पाठवीन." त्याची मी माफी मागितली. पुढच्या न्याहारीला सगळ्यांसमोर मागणार आहे, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो. तो म्हणाला, पॅनकेक थंड होतील एवढं लांबवू नकोस म्हणजे झालं.

गाडी ओढत नव्हती. बावीस मैल मी स्टिअरिंगवरच्या त्याच्या हाताकडे बघायचा प्रयत्न करत होतो. मान पार वळवली की दिसायचा. एका बोटानं धरलं होतं त्यानं.

चार वाजता ट्रेसीचा फोन आला. वॉरंटीचा शेवटचा दिवस, अजून तासभर आहे, काय ठरलं?

"नको," मी म्हणालो. "गाडीत दोष नाही."

"नक्की ना, मिस्टर प्रूइट? तुम्ही स्वतः तपासलीत?"

"नाही," मी म्हणालो. "कॅझ नोविकीनं तपासली."